दहा दिवसांचं हातकाम कुणाला पुरणार?

राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना 10 दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकायला पाठवायचं म्हटलंय. त्यावरचे वाद मी इथे ग्लासगोत बसून वाचते. कुणी म्हणतं अभ्यास बुडेल. कुणाला धास्ती, की कारागिराचं पोर पुन्हा बापाच्याच धंद्याला जुंपलं जाईल. ही धास्ती मला रास्त वाटते, कारण आपण हातकामाला कायम खालच्या पायरीवर बसवलंय.

इथल्या ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या संग्रहात भरतकाम आणि सजावटीची कापडं आहेत. जेसी न्यूबेरी यांनी 1894 मध्ये तिथे भरतकामाचा वर्ग सुरू केला. साध्या लिननवर रंगीत लिननचे तुकडे बसवायचे, त्यांच्या कडा रेशमाच्या दाट टाक्यांनी बांधून घ्यायच्या. बघता बघता त्यातून गुलाब उभा राहतो. मिरपुडीच्या डबीची नक्षीही आपल्या जागी कॅथेड्रलच्या कल्पनेइतकीच मोलाची, असं त्या मानत. त्यांच्यानंतर विभाग सांभाळणाऱ्या अ‍ॅन मॅकबेथ यांनी मार्गारेट स्वॉन्सन यांच्यासोबत 1911 मध्ये शाळांसाठी पुस्तक काढलं. लहान मुलांना पांढऱ्यावर पांढरं बारीक शिवायला लावून डोळे शिणवू नका, असा त्यांचा आग्रह. आधी जाड कापड, रंगीत दोरा, मोठा टाका. शिक्षिकांसाठी शनिवारचे वर्गही होते.

मला सगळ्यात भावते ती 1934 ची योजना. दोरा बनवणाऱ्या कोट्स कंपनीचा पैसा आणि स्कॉटलंडमधली चार कलाविद्यालयं. (आपल्या भरतकामाच्या डब्यातल्या अँकरच्या लड्या याच कोट्सच्या असायच्या.) कंपनीचा त्यात स्वार्थ होताच, पण देशोदेशीचं भरतकाम जमवून ते शाळांना उसनं दिलं जाई. 1961 मध्ये योजना संपली आणि नमुने संग्रहालयांना वाटले गेले.

आपल्याकडे कार्यानुभवाच्या वहीत साखळी टाका, गाठीचा टाका, काजं असे चौकोनी तुकडे चिकटवलेले असायचे. गुण पडले की वही रद्दीत! आरसे आणि कवड्या जडवणारी लमाणी बाई शाळेत आली, तरी पाहुणी म्हणून येते आणि टाळ्या घेऊन जाते. तिला वर्षभराचा पगार आणि शिक्षिकेची खुर्ची द्या, तिच्याकडे सगळ्या जातींची मुलं-मुली बसवा, मग 10 दिवसांबद्दल बोलू. आणि 1857 पासून उभ्या असलेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने अशा नमुन्यांच्या पेट्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांना उसन्या द्यायला सुरुवात करावी. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.