दीर्घिकेची चकली का होत नाही?

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आलाय, सोबत एम51 या दीर्घिकेचा (दीर्घिका म्हणजे गॅलक्सी, अब्जावधी ताऱ्यांचा समूह) झकास फोटो: "दीर्घिकेच्या मध्ये ब्लॅक होल असतं, ते बेसिनच्या भोकासारखं सगळे तारे आत खेचतं म्हणून हे सर्पिल हात बनतात, आपला सूर्यपण हळूहळू आत चाललाय." खाली काकांचे तीन नमस्कार. काका, राग नका मानू, पण फोटो सोडला तर यातलं फार काही खरं नाही.

ब्लॅक होल असतं, मान्य. आपल्या आकाशगंगेतलं साधारण 40 लाख सूर्यांएवढ्या वजनाचं. पण आकाशगंगेत तारेच 10 हजार कोटींच्या वर, त्यापुढे हे म्हणजे किस झाड की पत्ती, त्याचा वट फक्त अगदी मधल्या भागात आणि हात पसरलेत हजारो प्रकाशवर्षं. बरं, ती एम33 दीर्घिका घ्या, तिच्यात मोठं ब्लॅक होल शोधूनही सापडलं नाही, असलंच तर काही हजार सूर्यांपेक्षा कमी. हात मात्र आहेत!

सूर्य आत वगैरे चाललेला नाही. केंद्रापासून 26 हजार प्रकाशवर्षांवर गोल फिरतोय, एक फेरी 22-23 कोटी वर्षांची, आजवर वीसेक झाल्या.

आता खरी गंमत इथेच आहे. आतल्या आणि बाहेरच्या ताऱ्यांचा वेग जवळपास सारखाच, पण आतल्याची फेरी छोटी म्हणून तो पुढे निघून जातो, मग हातात कायम तेच तारे असते तर एवढ्या फेऱ्यांत गुंडाळून गुंडाळून चकली झाली असती ना? फोटोत तर हात मोजून एक-दीड वेढ्याचे. म्हणून 1964 मध्ये लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी घनता-लहरींची कल्पना मांडली. सकाळी दादरच्या पुलावर जिन्याच्या तोंडाशी गर्दी असते बघा, नऊलाही आणि साडेनऊलाही, माणसं मात्र वेगळी, तसंच हे: हात म्हणजे ती गर्दी, तारे त्यात येतात आणि पुढे निघून जातात. गॅस त्या गर्दीत शिरला की दाबला जातो, नवे तारे जन्मतात, त्यातले थोराड निळे तारे 50 लाख-कोटभर वर्षांत जळून संपतात, गर्दीतून फार लांब जायच्या आधीच, म्हणून हात निळे दिसतात. दोन हातांमधली जागा रिकामी नसते हां, तिथेही तारे भरपूर, फक्त मंद.

आणि सगळ्यांना एकच नियम लावू नका. एनजीसी 2841 या दीर्घिकेचे हात तुकड्या-तुकड्यांचे आहेत. एम51 चे एवढे ठसठशीत दिसतात त्यात शेजारच्या छोट्या दीर्घिकेच्या ओढीचा मोठा वाटा आहे, खगोलशास्त्रज्ञ लॉर्ड रॉस यांनी 1845 मध्ये आयर्लंडमध्ये दुर्बिणीतून बघून काढलेल्या चित्रातसुद्धा ती शेजारीण आहे. फॉरवर्डवाल्याने नेमकी तीच क्रॉप केलीय.