सव्वादोनशे वर्षं जुन्या चित्राचा फोटो छापायचाय? असं करा

तुम्ही पेशवाईवर लिहिताय आणि हवं ते चित्र ब्रिटनमधल्या कुठल्याशा संग्रहात आहे (दुसरीकडे कुठे असणार?). अभिनंदन! मी नुकताच यातून गेलोय, म्हणून या चार सूचना.

आधी एक. चित्रकार कधी वारला याची चौकशी करू नका. तिथे कॉपीराइट मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, आपला चित्रकार टिपूच्या काळात गेला, तरी काय झालं? फोटो काढणारा जिवंत आहे ना! त्या फोटोवर नवा कॉपीराइट सांगून संग्रह शुल्क मागणार.

फॉर्म मन लावून भरा. प्रती किती, पाव पान की मुखपृष्ठ, भाषा कोणती, कुठल्या देशांत विकणार, ई-बुक निघणार का. "पाचशे प्रती" लिहिताना लाजू नका. त्या खपतील का, असं कोणी विचारत नाही.

कायदा मात्र अजिबात वाचू नका. मी वाचला. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने टीएचजे विरुद्ध शेरिडन खटल्यात निकाल दिला. वाद शेअरबाजाराच्या सॉफ्टवेअरमधल्या आलेखांचा होता, पण न्या. अर्नल्ड यांनी कसोटी स्पष्ट केली: नुसती मेहनत आणि कौशल्य पुरत नाही, निर्मात्याची स्वतःची बौद्धिक निर्मिती हवी. आता सपाट चित्राचा हुबेहूब फोटो घ्या. त्यात फोटोग्राफरचं स्वतःचं काही दिसलं, तर तो फोटो बिघडला म्हणायचा! हे मी संग्रहाला नम्रपणे कळवलं. उत्तर त्याहून नम्र: शुल्क आमच्या अटींनुसार आहे. बरं, अटींनुसार घ्या. मग खाली कॉपीराइट तुमच्या नावाने कशाला छापायचा? युरोपीय संघाने २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाच्या १४ व्या कलमात हा प्रश्नच मिटवला: मुदत संपलेल्या चित्राच्या नकलेवर नवा हक्क नाही. अंमलबजावणीची मुदत जून २०२१ होती, तोवर ब्रिटन संघातून बाहेर पडलेलं. ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम असल्या चित्रांचे मोठ्ठे फोटो फुकट देतं, धंद्यासाठीसुद्धा. त्यांचं काही बुडालं नाही. हे ब्रिटनवाले मात्र मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणार, वर पावती देणार.

चित्र परवडत नसेल तर त्या काळचं एखादं खाजगी पत्र छापा. फक्त ते आधी कधी छापलेलं नसेल, तर तिथल्या कायद्याने कॉपीराइट २०३९ च्या अखेरीपर्यंत. पत्र पानिपतानंतरचं असलं तरी. वारस शोधा!

सगळ्यात सोपा उपाय: एआय कंपनी काढा. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारनेच प्रस्ताव मांडला होता की जिवंत कलाकारांनी "नको" म्हटलं नाही, तर त्यांचं काम एआयला शिकवायला वापरू द्यावं. हजारावर संगीतकारांनी मुका अल्बम काढून निषेध केला. जिवंतांनी हक्क राखायला आरडाओरडा करायचा, आणि मेलेल्याच्या चित्रासाठी मी चलन भरायचं!

पुरे झाली गंमत. अहो संग्रहवाले, पैसे हवेत तर स्कॅनिंगचे मागा, साठवणीचे मागा, सरळ देणगी मागा, देऊ. जो हक्क संपलाय त्याचं नाव सांगून मागू नका. आणि आपले लेखक, प्रकाशक! फॉर्म आला की सही, बिल आलं की पैसे, फोटोखाली त्यांचा शिक्का, वर ऋणनिर्देशात आभार. कुठल्या कलमाखाली घेताय, एवढं तरी लेखी विचारा की!