सिगार चिरडत नाहीत

आत्ताच घरी आले. साडी अजून ओली आहे, पण हे लिहिल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

दुपारी अप्पांकडे बसलो होतो. बडोद्यात सकाळपासून कसा कोसळतोय ते सांगायला नको, निम्मे तुम्ही इथलेच. अप्पांचा वरचा व्हरांडा, झोपाळा, लारीवरून आणलेली शेव-उसळ, काकूंचा आल्याचा चहा. (गुजरात १९६० ला झालं तेव्हापासून दारूबंदी. त्यामुळे आमच्या सिगारचं लग्न चहाशीच लागलंय, आणि सुखात नांदतंय.) आम्ही नेहमीचे चौघे आणि एक पाहुणे. कोणाचे ते सांगत नाही, ज्यांचे त्यांना कळेल. दुबईहून आलेले, खिशात ॲल्युमिनियमच्या नळ्यांत अस्सल हवाना, म्हणजे क्यूबाचे सिगार.

नळ्या वाटायला सुरुवात डावीकडून झाली आणि मला ओलांडून पुढे गेली. वर विचारणा, "ताई, धुराचा त्रास नाही ना होणार?"

म्हटलं, "मला नाही दिलीत तर होईल."

दिली. हसत दिली. इथपर्यंत मी सोडून दिलं होतं, खरंच. पण गृहस्थांनी फोटो काढले, भसाभसा पंधरावीस झुरके मारले, दोनदा फोन घेतला, तिसऱ्यांदा "निघायलाच हवं" म्हणाले आणि तो जवळजवळ अख्खा सिगार काकूंच्या बशीत दाबून चिरडला. एसटी स्टँडवर बस सुटताना सिगारेट विझवतात तसा!

अहो, सिगार चिरडत नाहीत. बाजूला ठेवून द्यायचा. कोणी ओढलं नाही की आपला आपण विझतो, बिचारा काही मागत नाही. चिरडला की पानं फुटतात आणि जो करपट वास सुटतो तो पडद्यांत आठवडाभर राहतो. अप्पा काही बोलले नाहीत. बशी उचलली आणि कठड्यावर, पावसात नेऊन ठेवली.

अप्पांना बायपासनंतर बंदी आहे. ते फक्त बसतात. वास घेतात, कोणाचा एका बाजूनं जळायला लागला तर बोटानं दाखवतात. त्यांच्या वाट्याला उरलाय तो एवढा एक तास, आणि तोच त्या माणसानं बशीत कुस्करला.

मला सिगार शिकवला तो अप्पांनी, २०१९ च्या पुरात. ३१ जुलै, चोवीस तासांत वीस इंचांच्या आसपास पाऊस. मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले होते आणि दोन दिवस अडकले. खाली कमरेएवढं पाणी, वर आम्ही पाच माणसं, वीज नाही, फोनला रेंज नाही. विश्वामित्री नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या, त्यामुळे जिन्याच्या चौथ्या पायरीखाली कोणी बघायलासुद्धा जाईना. दुसऱ्या दुपारी अप्पांनी लोणच्याची बरणी काढली. मला वाटलं, भाताबरोबर लोणचं. आत सिगार! एकच. जावयानं आणलेला, जपून ठेवलेला. सिगारला पासष्ट-सत्तर टक्के दमट हवा लागते. आपल्याकडे चैत्रात पान तडकतं आणि श्रावणात बुरशी धरतं, म्हणून घट्ट झाकणाची बरणी. तीनदा धुतलेली, तरी सिगारला किंचित मेथीचा वास होताच.

काडेपेटी सर्द. काकूंनी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेली दुसरी काढली. अप्पांनी टोक कापलं भाजीच्या सुरीनं, दुसरं टोक ज्योतीपासून जरा लांब धरून गोल फिरवत शेकलं, दोन झुरके घेतले आणि माझ्यापुढे धरला. "चालेल का" नाही, "बायकांनी" नाही. फक्त, "धूर गिळायचा नाही. तोंडात घोळवायचा, सोडायचा. घाई केलीस तर कडू होईल." एक सिगार पाच जणांत फिरला, काकूंसकट. सव्वा तास चालला. त्या सव्वा तासात खाली पाणी चढतंय की उतरतंय हे कोणी पाहिलं नाही.

हो, माहीत आहे. तंबाखूनं कॅन्सर होतो, धूर छातीत न घेताही तोंडाचा-घशाचा होतो, आणि अप्पांनी त्या धुरात बसू नये हेही खरं. माझी वहिनी डॉक्टर आहे, रोज ऐकते. कमेंटमध्ये लिहू नका.

आणि तंबाखू आपल्याला परका थोडाच आहे? आणंद-पेटलादकडे जा, दोन्ही बाजूंना तंबाखूचीच शेतं, विडीत भरतात त्या तंबाखूची. अप्पांचे वडील तमिळनाडूतल्या त्रिचनापल्लीचे चिरूट, म्हणजे तिकडचे सिगार, ओढायचे. चिरूट हा शब्दसुद्धा तमिळ सुरुट्टूवरून आलाय, म्हणजे गुंडाळी. पाहुण्यांनी मात्र मला क्यूबाच्या मातीवर व्याख्यान दिलं. द्या. पण त्याच क्यूबात १८६५ पासून सिगारच्या कारखान्यांत एक माणूस उंच खुर्चीवर बसून कामगारांना पेपर नाहीतर कादंबरी वाचून दाखवतो, आणि पूर्वी त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून देत. म्हणजे सिगार वळताना सोबत लागते. मग ओढताना नको?

असेल काम त्यांना. असतात लोकांना कामं. कदाचित खरंच महत्त्वाचा फोन असेल, मी जरा जास्तच तापले असेन. माझ्या मुलाचंही हेच आहे, व्हिडिओ कॉलवर बोलताना नजर दुसऱ्या स्क्रीनवर. पण मग सिगार काढू नका ना! सिगारेट घ्या. चार मिनिटांचं काम आहे.

ते गेल्यावर आम्ही आमचे सिगार संपेपर्यंत बसलो. माझा ओला झाला होता, ओढायला जड जात होता. अप्पांनी बोटानं दाखवलं, इकडून पेटव. पुढे पंधरावीस मिनिटं कोणी बोललं नाही, पन्हळीचं पाणी तेवढं पडत होतं. निघताना काकू हळूच म्हणाल्या, "त्या दिवशीचा बरा होता, मेथीचा."

पाहुण्यांनी एक नळी विसरली आहे. अप्पांनी ती बरणीत टाकली. शनिवारी मी जाणार आहे, काडेपेटी आत्ताच तांदळात पुरून ठेवली.