जपानी शाळांचा तो फॉरवर्ड जरा तपासून पाहू

‘जपानमध्ये चौथीपर्यंत परीक्षाच नाही, फक्त संस्कार शिकवतात. शाळेत शिपाई नसतो, मुलंच सगळं साफ करतात. शिस्त त्यांच्या रक्तातच आहे. म्हणून तिथे माणसं घडतात आणि आपल्याकडे मार्कवाले.’ हा मजकूर तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात अर्धं खरं आहे, आणि घोळ त्या अर्ध्यानेच केलाय.

परीक्षेचं आधी उरकून टाकू. पास-नापास ठरवणारी वार्षिक परीक्षा तिथल्या प्राथमिक शाळेत नसते, हे बरोबर. पण घटक संपला की चाचणी आणि सत्राअखेर प्रगतिपुस्तक हे पहिलीपासूनच सुरू होतं. पहिलीत ८० कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, सहावी संपेपर्यंत एकूण १०२६. नुसत्या संस्कारांवर एवढं कोण गिरवून घेणार?

शिपाई नसतो हेही ढोबळच. देखभालीचा कर्मचारी बहुतेक शाळांत असतो. मुलं रोज पंधरा-वीस मिनिटं वर्ग, व्हरांडा, जिना साफ करतात.

आता ते ‘रक्तातच’. रक्तात असतं तर १९५८पासून आठवड्याला नैतिक शिक्षणाचा तास कशाला ठेवला असता? २०११मध्ये ओत्सु शहरात एका शाळकरी मुलाने छळाला कंटाळून जीव दिला, देश हादरला. २०१३मध्ये छळविरोधी कायदा आला आणि २०१८पासून प्राथमिक शाळांत नैतिक शिक्षण पाठ्यपुस्तकासह रीतसर विषय झाला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फरशी पुसणाऱ्या शाळांतही मुलं एकमेकांना छळत होतीच. २०२३-२४मध्ये तिथे प्राथमिक आणि माध्यमिकची मिळून सुमारे ३ लाख ४६ हजार मुलं वर्षात तीस किंवा अधिक दिवस शाळेत गेली नाहीत. कारणं अनेक असतील. पण सगळ्यांनी सारखं वागायचं, या दडपणात न बसणाऱ्या मुलाचे हाल होतात, असं मला वाटतं.

राहिला झाडू. झाडूनेच चारित्र्य घडत असतं तर आपल्याकडे कधीच घडलं असतं. कित्येक गावांत वर्ग झाडायला मुली आणि बाकं उचलायला मुलगे, हे ठरलेलं. काही ठिकाणी संडास धुवायला कोणत्या वस्तीतली मुलं उठवतात, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. हे रोज बघणारा मुलगा काय शिकतो? झाडणं आपलं काम नव्हे, एवढंच. परिपाठाला फळ्यावर ‘श्रमप्रतिष्ठा’ असा सुविचार लिहिलेला असला तरी.

जपानी शाळांत भिंतीवर पुठ्ठ्याचं गोल चक्र असतं. एका गोलावर कामं, दुसऱ्यावर गट. ठरल्या दिवशी फिरवलं की फडकं घेणारे हात बदलतात. जेवण वाढायचीही पाळीच. पांढरा अंगरखा, टोपी घालून मुलंच वर्गाला वाढतात आणि बाईही त्याच वर्गात, तेच जेवतात. बऱ्याच शाळांत सहावीची मुलं पहिलीच्या मुलांना फडकं पिळायला शिकवतात. यातून कोणी सुटत नाही, खरी गंमत तीच आहे.

असं चक्र आपल्याकडे लावायला शासन निर्णय लागत नाही. पुठ्ठा आणि मधोमध एक टाचणी पुरते. अडेल ते त्यावर सगळ्या मुलामुलींची नावं सरमिसळ लिहिताना, आणि एका खणात सरांचंही घालताना.