जंताची एक गोळी आणि पट्टकृमी

सध्या सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: ‘संडासातून पांढरे चपटे तुकडे पडत असतील तर शाळेत वाटतात ती जंताची एक गोळी घ्या. तुकडे थांबले की जंत मेला. त्याचं डोकं पडलेलं दिसेपर्यंत एरंडेल घ्या. शाकाहारी माणसाने निर्धास्त राहावं.’ माझं औषधाचं दुकान आहे. लोक मोबाइल पुढे करून गोळी मागतात, म्हणून हे लिहितोय.

शाळेतली गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. जंतनाशक दिनाला ती देतात गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमीसाठी. पहिल्या दोघांवर ती चोख काम करते, चाबूककृमीवर एक गोळी बऱ्याचदा कमी पडते. पण पांढरे चपटे तुकडे पडतात ते पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या फितीसारख्या लांब जंताचे. त्याच्यावर एका गोळीचा भरवसा नाही. वापरलीच तर तीन दिवस घ्यावी लागते. त्याचं नेहमीचं औषध प्राझिक्वांटेल: किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, एकदाच. पण लहान मुलांत आढळणारा बुटका पट्टकृमी असेल तर किलोमागे २५. आधी तपासणी का, ते यात आलं.

तुकडे थांबले म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. डोकं आतड्याला चिकटून राहिलं तर मानेपासून नवे तुकडे फुटतात आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा दिसू लागतात. म्हणून औषधानंतरही संडास तपासून घ्यायचा.

आणि डोकं शोधत बसणं? या औषधांनी कृमी आतच विरतो, बहुतेकदा ओळखू येण्याजोगं काही उरतच नाही. एरंडेलाने नुसती पोटाची दैना.

शाकाहाराचा मुद्दा अर्धाच खरा. डुकराच्या मांसातला कृमी आतड्यात वाढतो तो कच्चं राहिलेलं मांस खाऊन. पण ज्याच्या पोटात तो आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांवर, पाण्यात, भाकरीबरोबर कच्ची खातो त्या मेथीच्या पानांवर येऊ शकतात. ती पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात, झटके येतात. आयुष्यात अंडंही न खाल्लेल्याला हे होऊ शकतं. बुटक्या पट्टकृमीला तर मांस लागतच नाही.

‘मग ती दुसरी गोळी द्या,’ असं गिऱ्हाईक म्हणतं. मी विचारतो, कधी फिट आली होती का? डोकं सारखं दुखतं का? मेंदूत गाठी असतील तर प्राझिक्वांटेल तिथवर पोचतं, अळ्या मरताना सूज येते आणि झटका येऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर निक्लोसामाइड या पट्टकृमीवरच्या दुसऱ्या औषधाचा विचार करतात, कारण ते आतड्यातून रक्तात जवळपास शोषलंच जात नाही. हे काउंटरवर ठरत नाही. चिठ्ठीशिवाय मी ती गोळी देत नाही.