सात पृथ्व्या नव्हेत, सात खडकाळ ग्रह

"नासाला सात पृथ्व्या सापडल्या! निळे समुद्र, ढग, सगळं फोटोत दिसतंय. आपली पृथ्वी संपली तरी माणसाची सोय झाली." हा मेसेज काही वर्षं अधूनमधून फिरतोच आहे. परवा आमच्या मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण या मेसेजमुळे खऱ्या शोधावर पाणी पडतं आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शोध खराच आहे. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी नासाने ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांची घोषणा केली. तारा कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. काम बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचे मिशेल गियॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं.

पण फोटो? तो फोटो नाहीच. ते चित्रकाराने कल्पनेने काढलेलं चित्र आहे. नासाने तसं सांगितलंही होतं, फॉरवर्ड होता होता तेवढंच गळून गेलं. या ग्रहांचा पृष्ठभाग आजवर कुणीही पाहिलेला नाही. दुर्बिणीला दिसला तो फक्त तारा, आणि ग्रह समोरून जाताना त्याच्या प्रकाशात पडलेली एक टक्क्याहूनही कमी घट. आलेखाची सरळ चाललेली रेघ जराशी खाली वाकते, काही मिनिटांनी पुन्हा वर येते. त्या खळग्याच्या खोलीवरून ग्रहाचा आकार कळतो. दुरून कुणी आपल्या सूर्याकडे पाहत असेल, तर पृथ्वी समोरून जाताना त्याला जेमतेम ०.००८ टक्के घट दिसेल. ट्रॅपिस्ट-१ हा तारा गुरूपेक्षा थोडाच मोठा, म्हणून तिथले खळगे पकडता आले.

मग ते ग्रह खडकाळ आहेत हे कशावरून? मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. सातही ग्रह एकमेकांच्या इतके जवळ आहेत की ते एकमेकांना ओढतात, आणि कुणी ठरल्या वेळेच्या आधी ताऱ्यासमोर येतो, कुणी उशिरा. ही चुकामूक वर्षानुवर्षं मोजून प्रत्येकाचं वस्तुमान काढलं गेलं. आकार आणि वस्तुमान हाती आलं की घनता मिळते, आणि ती पृथ्वीपेक्षा किंचितच कमी निघाली. म्हणजे खडकच.

पण खडकाळ म्हणजे पृथ्वी नव्हे. शुक्र बघा. खडकाळ, आकाराने जवळपास पृथ्वीएवढा, आणि तापमान साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर! सातांपैकी तीन ग्रह 'राहण्याजोग्या पट्ट्यात' आहेत असं म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच, की हवा योग्य असेल तर तिथे पाणी द्रवरूपात टिकू शकेल. पाणी सापडलंय, असा नाही.

हवेचं म्हणाल, तर २०२३ मध्ये जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीने सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता मोजली. आधी तारा आणि ग्रह दोघांचं मिळून अवरक्त तेज, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा प्रकाश, घेतलं. मग ग्रह ताऱ्याआड गेल्यावर एकट्या ताऱ्याचं. वजाबाकीत उरलं ते ग्रहाचं, ताऱ्याच्या तेजाचा हजारावा भागही नाही. त्यावरून दिवसाच्या बाजूचं तापमान निघालं सुमारे २३० अंश. दाट वातावरण असतं तर उष्णता रात्रीच्या बाजूलाही पसरली असती आणि हा आकडा बराच खाली आला असता. आतून दुसऱ्या ग्रहावरही कार्बन डायऑक्साइडचं दाट आवरण आढळलं नाही.

"माणसाची सोय" तर सोडूनच द्या. नासाचं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चाललंय. त्या वेगाने तिथे पोचायला सुमारे सात लाख वर्षं लागतील.

मामांनी शेवटी विचारलं, "मग एकावरही हवा नाही?" तसंही म्हणता येत नाही. चौथा ग्रह, ज्याला ई म्हणतात, तो त्या पट्ट्यात आहे आणि वेबने त्याचीही निरीक्षणं घेतली आहेत. तिथे वातावरण आहे की नाही, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही.