पाण्याचे ८० रुपये, आणि वर ऐकवतात घरी बघा

८० रुपये. अर्धा लिटर पाण्याचे. रविवारी मॉलमधल्या थेटरात इंटरव्हलला आईला बीपीची गोळी घ्यायची होती म्हणून घ्यावी लागली ती बाटली, आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

घरून पाणी न्यायचं ना असं म्हणणारे येतीलच, तर नेलं होतं. स्टीलची बाटली, उकळून गार केलेलं पाणी, कारण आई बाहेरचं पाणी पीत नाही. ती गेटवरच काढून घेतली. पर्सचे सगळे कप्पे उघडले, आईची औषधांची पिशवी सोडून बघितली, पोराच्या खिशातलं चॉकलेट काढायला लावलं आणि बाटली टेबलाखालच्या क्रेटमध्ये, जाताना घेऊन जा. मी म्हटलं अहो सत्तरीची बाई आहे, गोळी घ्यायची असते तिला, तर म्हणाली मॅडम आतमध्ये पाणी फ्री आहे. त्या सिक्युरिटीवाल्या ताईवर माझा राग नाहीये, बिचारी दिवसभर उभी असते आणि तिला जे सांगितलंय तेच करते. राग आहे तो सांगणाऱ्यांवर.

आत फ्री पाणी म्हणजे काय तर टॉयलेटच्या बोळात अगदी टोकाला एक कूलर, त्याच्यासमोर येणाऱ्या सिनेमाचा भलामोठा पुठ्ठा उभा, आणि ग्लास ठेवायचा स्टँड रिकामा. काउंटरवर गेले, ग्लास संपलेत मॅडम, मागवलेत. कधी येणार? माहीत नाही. मग मी म्हटलं तुमच्या मागे एवढी कपांची चळत आहे त्यातला एक द्या, तर तो पोरगा म्हणतो ते कप मोजलेले असतात, बिल केल्याशिवाय देता येत नाही. कप मोजलेले असतात! पॉपकॉर्नचे टब मोजलेले, कप मोजलेले, आणि कूलरवरचे ग्लास मात्र कोणी मोजत नाही, ते संपले तर संपले. मॅनेजरला बोलवा म्हटलं तर मॅनेजर दुसऱ्या स्क्रीनच्या हॉलमध्ये. मागे ही लाइन, आत पिक्चर परत सुरू व्हायची वेळ, आणि आई तळहातावर गोळी धरून उभी. वर मलाच म्हणते, राहू दे गं, घरी जाऊन घेईन, कशाला वाद घालतेस. हे ऐकल्यावर माझा जीव जो जळला ना! आयुष्यभर राहू दे राहू दे करत आली ही बाई, आणि आता पाण्याच्या घोटासाठीसुद्धा राहू दे. घेतली मग बाटली. कंपनीचं नाव मी आजवर कुठल्याही वाण्याकडे बघितलेलं नाही, एमआरपी मात्र व्यवस्थित छापलेली. २०१८ पासून एकाच वस्तूवर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत असा नियम आहे, म्हणून मग अशी बाटली ठेवायची जी बाहेर कुठे मिळतच नाही, म्हणजे तुलना करायला जागाच नको.

आणि फुकट पाणी ही कोणाची मेहरबानी नाहीये हो. ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने थेटरवाल्यांच्या बाजूने निकाल दिला, की बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, जागा तुमची आहे. पण त्याच वेळी हेही सांगितलं की पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत ठेवायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईबापांना नेऊ द्यायचं. निकालातला पहिला अर्धा भाग गेटवर कडक पाळतात, दुसरा टॉयलेटच्या बोळात नेऊन ठेवलाय.

आमचं सरकार तर सोडाच. २०१८ ला पुण्यात पॉपकॉर्नच्या भावावरून राडा झाला, नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांनी सांगितलं की आता बाहेरचे पदार्थ नेता येणार, आम्ही खूश, आणि पुढे हायकोर्टात सरकारच म्हणतं की यात हस्तक्षेप करायची गरज वाटत नाही. कर्नाटकाने निदान सप्टेंबर २०२५ मध्ये तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा घालून बघितली, ती कोर्टात अडकली ते वेगळं, पण प्रयत्न तरी केला. तामिळनाडूत सरकार कमाल दर ठरवतं. महाराष्ट्रात, जिथे हा अख्खा धंदा जन्माला आला, तिथे कोणाला काही पडलेलं नाही. जीएसटी कमी झाला म्हणून पेढे वाटत होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के. रविवारी संध्याकाळी मुंबईतल्या मॉलमध्ये १०० रुपयांचं तिकीट कुठे मिळतं ते दाखवा मला. त्याच्या वरच्यावर १८ टक्के होते ते १८ टक्केच आहेत.

हिशोब सांगते रविवारचा. चार तिकिटं, ३८० ची एक. तेच तिकीट, तीच खुर्ची, मंगळवारी निम्म्याहून कमी, पण मंगळवारी सुट्टी कोणाला असते? वर कन्व्हिनियन्स फी. म्हणजे माझा मोबाईल, माझं नेट, खुर्ची मी शोधायची, पैसे मी आधी भरायचे, यांचा खिडकीवरचा माणूस वाचणार, आणि सोय झाली म्हणून फी मीच द्यायची, त्या फीवर परत जीएसटी. पॉपकॉर्नचा मोठा टब ४९०. लहान घ्यावा म्हटलं तर ४१०, मग तोच पोरगा पाठ केल्यासारखं सांगणार, मॅडम फक्त ८० जास्त देऊन लार्ज घ्या. मक्याचे दाणे आहेत ते! दोन समोसे, एक कोल्ड्रिंक, पार्किंग. तीन हजाराला शंभर कमी होते फक्त, आणि पोटभर कोणी खाल्लेलं नाही, घरी येऊन खिचडी टाकलीच.

शिवाय तिकिटावर ६.४५ छापायचं आणि पिक्चर सुरू करायचा सात वाजून गेल्यावर. मधला वेळ बिल्डर, सोनार, वेलचीच्या नावाखाली गुटखा, परत बिल्डर. तीन हजार घालवून जाहिराती बघायच्या. बंगळुरूत एका माणसाने याच्यावरून केस केली होती, २५ मिनिटं वाया घालवली म्हणून, २०२५ ला ग्राहक आयोगाने त्याच्या बाजूने निकालही दिला, तर पुढच्याच महिन्यात हायकोर्टाची स्थगिती.

आणि मला सगळ्यात जास्त काय लागलं माहितीये? हा मॉल ज्या जमिनीवर उभा आहे तिथे गिरणी होती. बाबा तिथे साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. ८२ च्या संपानंतर जी नोकरी गेली ती परत आली नाही, मग वॉचमनकी, मग भाजीची गाडी, सगळं केलं त्या माणसाने, पण तसल्या दिवसांतही महिन्या-दोन महिन्यांतून आम्हाला लालबागच्या भारतमाता टॉकीजला न्यायचे नाहीत असं झालं नाही. आई चिवड्याची पिशवी न्यायची, कोणी अडवायचं नाही. इंटरव्हलला बाहेर येऊन वडापाव, परत आत. बेकार गिरणी कामगाराला परवडत होतं. आज त्याच्याच मुलीला, दोन पगारांच्या घरात, परवडत नाही. आणि त्याच जागेवर त्याच्या बायकोला गोळीसाठी पाणी विकत घ्यावं लागतं. दादरचं चित्रा २०१९ ला बंद झालं, एकेक टॉकीज अशीच गेली, आता मॉलशिवाय जायचं कुठे?

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं तर दादाचं उत्तर, अगं मग घरी बघायचं ना, दोन महिन्यांत येतंच ओटीटीवर. दादा ठाण्याला घोडबंदरला राहतो, टू बीएचके, हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही. आमची खोली १८० फुटांची आहे. त्यातच गॅस, त्यातच पोराची दहावी, त्यातच आईची खाट. टीव्ही लावला की त्याचा अभ्यास बंद, अभ्यास सुरू की टीव्ही बंद. खाली मंडळाचा डीजे, बाजूला कुकरच्या शिट्ट्या, मध्येच पाणी आलं म्हणून उठायचं, अडीच तासांचा सिनेमा आम्ही तीन दिवसांत बघतो आणि शेवट कळेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. चाळीतल्या माणसाला थेटर हे चैन म्हणून नाही लागत, तीन तास कोणी हाक मारत नाही, गार हवा असते, घरातली सगळी माणसं एकाच दिशेला बघत बसलेली असतात, त्याच्यासाठी लागतं. मोठ्या घरातल्यांना हे समजत नाही आणि मग ते आम्हाला काटकसर शिकवतात.

आणि ते ओटीटी तरी कुठे स्वस्त राहिलंय? एकावर क्रिकेट, दुसऱ्यावर मराठी, तिसऱ्यावर पोरांचं, प्रत्येकाचे वेगळे पैसे. वर्षाचे पैसे घेऊन झाल्यावर मध्येच जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर वेगळं रिचार्ज मारा. नवीन पिक्चर आला की त्याचं भाडं वेगळं. आधी थेटरातून हाकलायचं, आणि घरी येऊन बसलो की तिथे पावती फाडायची.

पुढच्या शुक्रवारी एक मराठी सिनेमा येतोय, आईला बघायचाय. शो बघितले आत्ता. २०१५ ला एवढं रण पेटलं होतं, मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्या म्हणून, शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ म्हणजे प्राइम टाइम असं ठरलं. आमच्या जवळच्या थेटरात एक शो सकाळी ९.४० चा आणि एक रात्री १०.५० चा. म्हणजे कामावर जाणाऱ्याने सकाळी जायचं नाही आणि म्हाताऱ्या माणसाने रात्री. आम्ही नाही गेलो की सोमवारी शो कमी करतील, दुसऱ्या शुक्रवारी उतरवतील, आणि मग टीव्हीवर चर्चा लावतील की मराठी माणूस मराठी सिनेमाला येत नाही. येतो हो. सुट्टीच्या दिवशी दुपारी ३ चा शो लावा, १५० चं तिकीट ठेवा, आणि त्या कूलरवर ग्लास ठेवा, लालबाग-परळमधून किती माणसं येतात ते मोजा मग, कप मोजता तसे.